सुनीता नको, दुसरं काहीतरी सांगा

'सुनीता' हे नाव बारशाच्या यादीतून कायमचं बाद झालेलं दिसतं. परवा अंबडमधल्या एका बारशाला एका आजीबाईंनी भीतभीत ते सुचवलं, तर बाळाची आत्या म्हणाली, "अहो आजी, कामवालीचं नाव वाटतं ते!" सगळे हसले. मला घुगऱ्यांचा ठसका लागला. शेवटी जे नाव ठेवलं त्याचा अर्थ मोबाइलवर शोधला, तर तीन ठिकाणी तीन निघाले. आपल्याकडे नाव ठेवायला बारा दिवस लागतात. नावं ठेवायला बारा सेकंदही नाही.

नाव जुनं झालं म्हणा, माझी हरकत नाही. प्रायमसचा स्टोव्ह जुना झाला, पितळी बंब जुना झाला, तशी सुनीताही होईल. एके काळी या नावाची अशी काही लाट होती, की वर्गात बाईंनी "सुनीता" म्हटलं की चार मुली उभ्या राहायच्या. मग लांब वेणीची सुनीता, पोस्टातल्यांची सुनीता अशी वर्गवारी करावी लागे. पण कामवालीचं म्हणजे काय हो? अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना फाटकाशी उभं राहून ही हाक द्या. वळून बघणाऱ्यांत पॅकिंगमधली असेल, सुपरवायझर असेल, हिशेब लिहिणारी असेल. धुणीभांडी करणारीही वळेल. पण त्याने नावाला बट्टा लागतो थोडाच? तिच्या आईने ते तुमच्या घरची भांडी घासायला ठेवलेलं नव्हतं.

याच महाराष्ट्रात मुलगी झाली म्हणून तिला 'नकुसा' म्हणणारी घरं होती. इतकी, की २०११ साली साताऱ्यात पावणेतीनशेहून अधिक नकुसांची नावं समारंभ करून बदलावी लागली. अशा मुलखात कुणा आईबापांनी पहिली नाही, दुसरी नाही, तिसरी मुलगी झाल्यावरसुद्धा हौसेने 'सुनीता' म्हटलं असेल. म्हणजे चांगल्या वाटेने नेलेली. त्या हौसेला हसायचं, आणि वर स्वतःला सुधारलेले म्हणवून घ्यायचं!

बरं, नावाचं कूळ तरी बघा. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या सॉनेटला आपण 'सुनीत' म्हणतो. चौदा ओळी, एक इकडे नाही, एक तिकडे नाही. पुलंच्या घरी सुनीताबाई होत्या; १९९० साली 'आहे मनोहर तरी' लिहून त्यांनी भल्याभल्यांची दुपारची झोप उडवली. आणि सुनीता विल्यम्स! जून २०२४ मध्ये आठेक दिवसांसाठी म्हणून अंतराळात गेल्या, त्या मार्च २०२५ मध्ये परतल्या. आमच्याकडे पाहुणी दोन दिवस जास्त राहिली तर चहातली साखर कमी होते; बाई नऊ महिने वर राहून हसत खाली उतरल्या. तेव्हा पेपरातला फोटो बघून "आपली सुनीता" म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. तिथली झाडलोटही अंतराळवीरांनाच करावी लागते, हे जाता जाता सांगून ठेवतो.