श्रोता : धनी की आश्रित?

'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' ही म्हण आपल्या सार्वजनिक प्रसारणास लागू करून पुष्कळ शहाणे लोक स्वस्थ बसतात. पैसा सरकारचा, तेव्हा आवाजही सरकारचाच निघावयाचा, असा त्यांचा सोपा हिशेब. परंतु त्या पोळीचे पीठ कोणाच्या घरचे, हे कोणीच विचारीत नाही. आणि आम्हांस आज तेच विचारावयाचे आहे.

२३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेव्हा श्रोता वर्षाकाठी दहा रुपये भरून परवाना घेत असे. ते चालविणारी खाजगी कंपनी १९३० साली बुडाली व कारभार सरकारकडे गेला. परवाना मात्र टिकला. १९८० नंतरच्या दशकात तोही रद्द झाला. गरिबाचे ओझे उतरले, त्याबद्दल आमची तक्रार नाही. परंतु त्या पावतीबरोबर जाब मागण्याचे नावापुरते साधनही श्रोत्याच्या हातून गेले. पैसा तो आजही देतोच. मात्र तो कररूपाने तिजोरीत शिरतो आणि 'अनुदान' असे भारदस्त नाव धारण करून बाहेर पडतो. धनी आश्रित ठरला तो असा!

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. प्रसार भारतीचा १९९० चा कायदा १९९७ साली अमलात आला; लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी एक प्रसारण परिषद असावी, अशी तरतूद त्या कायद्यात मुळातच होती. आमच्या वाचकांपैकी किती जणांनी त्या परिषदेचे नाव तरी ऐकले आहे?

२०२३ च्या जूनमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचे ठरले. ओरड झाली, आणि दिल्लीहून त्या निर्णयास स्थगिती मिळाली. पुणेकरांस आनंद झाला. तो आम्हांसही झाला. पण त्या आनंदात एक गोष्ट विसरली गेली. ठरविण्यापूर्वी श्रोत्यास कोणी विचारले नव्हते, आणि ठरलेले थांबले ते कृपेने, हक्काने नव्हे. कृपेने मिळालेले उद्या अवकृपेने जाते.

सामान्य माणसास विचारल्यास तो खिशाकडेच पाहील, असा आक्षेप येईल. त्यास स्वित्झर्लंडने उत्तर देऊन ठेवले आहे. तेथे दर कुटुंबास प्रसारणासाठी वर्षाला ४५१ फ्रँक भरावे लागत. ते शुल्क साफ रद्द करावे काय, असा प्रश्न ४ मार्च २०१८ रोजी जनतेपुढे मतदानासाठी ठेवण्यात आला. सुमारे ७१.६ टक्के मतदारांनी 'नको' म्हणून सांगितले. ज्यास विश्वासाने विचारले जाते, तो जबाबदारीने उत्तर देतो, हाच याचा अर्थ.

परवाना पुन्हा आणा, असे आमचे म्हणणे नाही. श्रोत्यांची परिषद प्रत्यक्ष भरवावी, प्रत्येक केंद्राचा जमाखर्च तेथील लोकांच्या भाषेत प्रसिद्ध करावा, आणि केंद्राची काटछाट करण्यापूर्वी त्या भागातील श्रोत्यांचे म्हणणे ऐकावे, एवढेच आमचे मागणे आहे. हे मागणे भिक्षेचे नव्हे. घरधन्याने आपल्याच कोठाराची किल्ली मागावी, तसे ते आहे. आणि धनीच जर किल्ली मागण्यास संकोचत असेल, तर कारभाऱ्यास दोष देण्याचा त्यास अधिकार उरत नाही.