नुसता कागदच ना?

मागच्या आठवड्यात मी ब्रिटिश नागरिक झाले. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "झालं ना एकदाचं? शेवटी कागदच तो!" इथले मराठी मित्रही हेच म्हणतात.. कागद सोयीसाठी, मनाने आपण भारतीयच. मला काही हे पटत नाही.

व्हिसाची कटकट तर कायम वास्तव्याची परवानगी मिळाली तेव्हाच संपली होती. मताचाही प्रश्न नव्हता. राष्ट्रकुलातले म्हणून इथे राहणारे भारतीय पार्लमेंटसाठीही मत देऊ शकतात. मग कशाला हा उपद्व्याप? तर त्या परवानगीत एक मेख आहे. सलग २ वर्षांपेक्षा जास्त काळ देशाबाहेर राहिलात की ती रद्द होते. आई साताऱ्याला एकटी असते. उद्या तिच्याजवळ तीन वर्षं राहावं लागलं तर? नवरा, मुलं, नोकरी सगळं इथे. म्हणजे गंमत बघा, आईकडे हवं तितकं राहता यावं म्हणून मी तिच्या देशाचं नागरिकत्व सोडलं!

आधी ती परीक्षा.. ४५ मिनिटांत २४ प्रश्न, १८ बरोबर हवेत. मग समारंभ. राजे चार्ल्स आणि त्यांच्या वारसांशी एकनिष्ठ राहीन असं म्हणायचं. देवाला स्मरून किंवा नुसतं प्रतिज्ञेवर, निवड आपली. लहानपणी रोज शाळेत म्हटलेली प्रतिज्ञा तेव्हा नेमकी आठवली.

दुसरं नागरिकत्व आपणहून घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या ९व्या कलमाप्रमाणे भारताचं जातं. पासपोर्ट रद्द करून घ्यायचा. मग ओसीआय कार्ड मिळतं. नावात 'सिटिझन' आहे खरं, पण मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. राहता मात्र येतं, हवं तितके दिवस. मला तेवढंच हवं होतं.

पण म्हणून याला 'नुसता कागद' म्हणणं मला अप्रामाणिक वाटतं. शपथ घ्यायची आणि मनात म्हणायचं, खोटी खोटी? ज्या देशाने मुलांना शाळा दिली, दवाखाना दिला, त्याला इतकं स्वस्त का समजायचं? आणि जे सोडलं तेही स्वस्त नव्हतंच. कागदच असता तर पासपोर्ट पाकिटात घालताना हात असा अडखळला नसता.

असो. आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते राहू दे, तू येणार कधी?"