रिसाला, तोफखाना आणि तांडा

मागे एकदा आमच्या शाळेची सहल एस.टी.नं हिंगोलीला गेली होती. गाडी शहरात शिरली आणि खिडकीजवळच्या पोरांनी दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. रिसाला बाजार, पलटण, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार! "सर, तोफखान्यात तोफ कुठंय हो?" एकानं विचारलंच.

तोफ आता नाही, पण होती. निजामाच्या राज्यात हिंगोली हे विदर्भाच्या सीमेजवळचं ठाणं. म्हणून इथं लष्कराची छावणी होती. रिसाला म्हणजे घोडदळ, पलटण म्हणजे पायदळ. नोकरी संपलेल्या शिपायांची वस्ती तो पेन्शनपुरा. माणसांसाठी दवाखाना होता आणि लष्कराच्या जनावरांसाठीही वेगळा होता. छावणी गेली, नावं तेवढी राहिली.

एवढं सांगून मी मोकळा झालो. पण मागच्या बाकावरून पाचवीतल्या एका मुलीनं विचारलं, "सर, मंग एवढ्या शिपायांना अन् घोड्यांना खायाला कोण आणत होतं? त्यांचं नाव कुठंच नाही का?" ही मुलगी आमच्या गावाशेजारच्या तांड्यावरून शाळेत येते.

मी क्षणभर गप्पच झालो. कारण तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच तांड्यात होतं, आणि ते तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

आधी एक खरी गोष्ट ऐका. साल १७९१. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड कॉर्नवॉलिस टिपू सुलतानावर चालून गेला. श्रीरंगपट्टणजवळ मे महिन्यात लढाई झाली, ती त्यानं जिंकलीसुद्धा. पण त्याचे बैल चाऱ्यावाचून पटापट मरत होते. धान्य संपत आलं होतं. किल्ल्याच्या भिंती फोडायला आणलेल्या अवजड तोफा ओढायच्या कुणी? शेवटी त्या तोफा त्यानं स्वतःच्याच हातानं निकामी केल्या आणि तो माघारी फिरला. जिंकलेला सेनापती उपाशी पोटी परत निघाला!

वाटेत त्याला मराठ्यांची फौज भेटली. तेव्हा मराठे त्याचे मित्र होते. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन फौज घेऊन आले होते. त्या फौजेबरोबर अख्खा बाजार चालत होता. दाणागोटा भरपूर होता, फक्त भाव चढा होता. भुकेल्या माणसाला भावाचं काय! पुढच्या वर्षी कॉर्नवॉलिस शहाणा होऊन आला. या खेपेला बंजाऱ्यांचे हजारो बैल धान्य घेऊन त्याच्या सैन्याला येऊन मिळत होते. १७९२ मध्ये टिपूला तह करावा लागला.

आता हे बंजारे कोण? तेच, आपल्या सेनगाव-कळमनुरीकडच्या तांड्यांवर राहणारे. लमाण म्हणा, बंजारा म्हणा. लवण म्हणजे मीठ, ते वाहून आणणारे म्हणून लमाण, असं मानतात. एका बैलाच्या पाठीवर दोन बाजूंना दोन गोण्या. गाडी नाही, चाक नाही, त्यामुळे रस्ताही लागत नाही. घाट असो, रान असो, बैल जाईल तिथं धान्य जाईल. शिवाय बैल वाटेतल्या रानात चरत चालणार. या बैलांवरच्या व्यापाराला ते लदेणी म्हणत. सगळ्यांत पुढे मानाचा बैल, कवड्या आणि घंटांनी सजवलेला. तांड्याचा प्रमुख तो नायक. बायका-मुलं, कुत्री, सगळं बिऱ्हाड बरोबर. मुक्कामाला गोण्या एकावर एक रचून त्यांचीच भिंत करायची, झाला किल्ला.

पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशानं १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात असा एक तांडा पाहिला. त्यात १४,००० बैल होते! फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये लिहितो की, असा तांडा आडवा आला की तो पुढे सरकेपर्यंत कधी कधी दोन-तीन दिवस थांबावं लागे. वहीपेन घ्या. एका बैलावर अंदाजे सव्वा क्विंटल धरा. १४,००० बैलांवर किती? १७,५०० क्विंटल. आजच्या दहा टनी ट्रकमध्ये शंभर क्विंटल मावतात. म्हणजे १७५ ट्रक! वर्गात हे गणित सुटलं तेव्हा पोरांनी एकदम "आबाबा" केलं.

मुघलांची फौज दक्षिणेत आली तेव्हा तिच्यामागं बंजारे होते, मराठ्यांना ते लागत, निजामालाही लागत. १८०३ मध्ये जालना जिल्ह्यात असईची लढाई झाली. तिथं जिंकलेला सेनापती वेलस्ली, ज्यानं पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवलं, तो त्या मोहिमेतल्या पत्रांतून बंजाऱ्यांची चौकशी करत असे. ते आले का, किती बैल आले, कुठवर आले! एवढा मोठा सेनापती, पण त्याचंही लक्ष बैलांच्या वाटेकडं.

एक मुलगा म्हणाला, "सर, मग ते कुणाच्या बाजूनं होते?" प्रश्न चोख आहे. पैसे देईल त्याला ते धान्य विकत. दोन्ही सैन्यांना त्यांची गरज असे, म्हणून सहसा त्यांना कुणी हात लावत नसे. याला कुणी नावं ठेवील. मला मात्र वाटतं, व्यापाऱ्यानं धंदा केला. शिवाय हेच बैल एरवी गावोगावच्या लोकांनाही मीठ आणि धान्य पोचवत होते, ते विसरून कसं चालेल?

आज आपल्या भारतीय सैन्यात हे काम आर्मी सर्व्हिस कोअर करते. ८ डिसेंबर १७६० हा तिचा स्थापनादिन मानतात. 'सेवा अस्माकं धर्मः' हे तिचं ब्रीद. पीठ, डाळ, भाजी, इंधन, सगळं सीमेवरच्या जवानापर्यंत पोचवायचं. ट्रक जातो तिथवर ट्रक, आणि रस्ता संपला की अजूनही खेचर! पेडोंगी नावाची एक खेचरी या दलात होती. १९७१ च्या युद्धात ती शत्रूच्या हाती लागली आणि पाठीवर त्यांचीच मशीनगन घेऊन आपल्या चौकीवर पळून आली, असं दलातले लोक सांगतात. १९९८ साली ती वारली. तिचं नाव अजून घेतात बरं का.

बंजाऱ्यांच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. पक्के रस्ते झाले, आगगाडी आली, लदेणी बसली. हजारो बैलांचे मालक मजुरीला लागले. त्यातच इंग्रजांनी १८७१ मध्ये काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पुढे अनेक ठिकाणी लमाणांचं नावही त्या यादीत गेलं. ज्यांच्या गोण्यांवर यांची सैन्यं जगली, त्यांनाच पोलीस ठाण्यात हजेरी! स्वतंत्र भारतानं १९५२ मध्ये तो कायदा रद्द केला. त्यातून सुटलेले ते विमुक्त.

हे मी वर्गात सांगत होतो तेव्हा ती मुलगी एकदम म्हणाली, "शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर तुम्ही लिवता ते विमुक्त?" होय, तेच. दरवर्षी मी तो शब्द तिच्या अर्जावर लिहीत आलो. ती विचारीपर्यंत त्याचा अर्थ मात्र सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती एका फडक्यात काहीतरी बांधून घेऊन आली. आत कातड्याचा जुना पट्टा होता, त्यावर कवड्या शिवलेल्या. काही निखळून पडलेल्या. पुढच्या बैलाच्या गळ्यात असायचा, असं तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं. आजीलाही तो तिच्या सासूकडून मिळालेला. सगळा वर्ग टेबलाभोवती जमला. सहलीत तोफ शोधणारा आमचा शूर वीर सर्वांत पुढे.

"हात लावू का गं?" त्यानं विचारलं.

"आधी हात धुऊन ये," ती म्हणाली.