बोटीतून उतरलो आणि घसरगुंडीवर गेलो

"काय नाना, एवढं लांब बोटीत बसून गेले आन् पाळण्यात बसून आले म्हणे?"

मागच्या आठवड्यात धुळ्याला एका लग्नात पुतण्यानं चारचौघांत असं विचारलं. सगळे हसले, मीही हसलो. जेवणाच्या पंगतीत अशा प्रश्नाला उत्तर देता येत नाही, तोंडात जिलबी असते. पण शिरपूरला परत येताना एसटीत खिडकीपाशी बसलो आणि उत्तर जुळत गेलं. तेच इथे लिहितो आहे. पुतण्याही वाचेल अशी आशा आहे. (वाच रे बाबा, मोबाइलवर नुसतं खालीवर सरकवू नकोस.)

तर झालं असं. आमचे चिरंजीव सिंगापूरला नोकरीला आहेत. आम्ही दोघं वर्षाआड जातो. या वेळी त्यानं आम्हाला न विचारता तीन रात्रींच्या बोटीची तिकिटं काढून ठेवली होती. बोट म्हणजे काय, एक अख्खं गावच. आमच्या सौ. पहिल्या संध्याकाळी लिफ्टनं वरखाली करूनच दमल्या. सकाळी ही बोट मलेशियातल्या पोर्ट क्लांगला लागणार आणि संध्याकाळी सहाला सुटणार. मधले आठ-नऊ तास आपले.

पोर्ट क्लांग हे नाव ऐकलं आणि माझ्यातला मास्तर उठून बसला. मी शाळेत असताना नकाशात या बंदराचं नाव पोर्ट स्वेटनहॅम असं होतं. १९७२ मध्ये ते बदललं. पुढे पस्तीस वर्षं मी भूगोल शिकवला. 'मलायातील दोन प्रमुख उत्पादने सांगा' हा प्रश्न मी इतक्या वेळा घातला असेल की झोपेतही उत्तर देईन. रबर आणि कथील. शेकडो पोरांना मी हे पाठ करायला लावलं, पण ना त्यांनी रबराचं झाड पाहिलं होतं ना मी. आता ती भूमी डोळ्यांनी दिसणार होती. क्वालालंपूर म्हणजे चिखलाचा संगम. आपल्या मुडावदला जशी तापी-पांझरा, तशी तिथे क्लांग आणि गोम्बाक. तो संगम बघायचा असं मी मनाशी ठरवून टाकलं.

रात्री डेकवर कळलं की मुलानं सनवे लगूनची तिकिटं काढली आहेत. थीम पार्क! घसरगुंड्या, पाळणे, लाटांचं तळं. नात नऊ वर्षांची. ती आनंदानं नाचत होती. मी म्हणालो, "अरे, बोटीनं समुद्र ओलांडून घसरगुंडीवर जायचं? घसरगुंडी कुठे नाही? सिंगापुरात घराजवळच आहे." आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारच्या खुर्चीवरच्या चिनी आजीबाईंनी वळून पाहिलं.

मुलगा एरवी उलट बोलत नाही. त्या रात्री म्हणाला, "नाना, सारंगखेड्याला तुम्ही मला तीन वर्षं नेलं. तीनही वर्षं तापीचं पात्र दाखवलं, सातपुडा दाखवला, घोड्यांच्या जाती सांगितल्या. पाळण्यात एकदाही बसवलं नाही."

मी गप्प बसलो. खरं होतं ते. दत्तजयंतीची यात्रा, घोड्यांचा बाजार, नदीकाठचा वारा आणि तो मोठा लाकडी पाळणा. पोरगं माझं बोट धरून मान वर करून बघत होतं आणि मी त्याला सांगत होतो, ती बघ नदी पश्चिमेकडे वाहते, महाराष्ट्रातल्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे वाहतात. पैशांचाच प्रश्न होता असं म्हणून सुटका करून घेता येईल, पण तेवढा काही मी गरीब नव्हतो. मला ते उधळेपण वाटायचं. शिकण्यासारखं काही नसेल तिथे वेळ का घालवायचा, असा माझा हिशेब. शाळेतही सहलीसाठी पोरं एस्सेलवर्ल्डचा हट्ट धरायची, तेव्हा मीच मोडता घालायचो आणि सहल अजिंठ्याला न्यायचो. (गंमत बघा, गोराईचं ते एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं आणि २०२२ मध्ये बंद पडलं, पण तिथे मुंबईची पोरं जायची ती खाडीतून बोटीनंच. म्हणजे बोटीतून उतरून पाळण्यात बसणारे आम्ही काही पहिलेच नव्हे.)

सौ. शाल गुंडाळून ऐकत बसल्या होत्या. त्या रागावल्या की अहिराणीवर येतात. म्हणाल्या, "पोरले खेयू द्या. तुमना भूगोल घर र्‍हाऊ द्या." विषय संपला.

सकाळी उतरून एक गाडी केली. तासाभराचा रस्ता. चालक तमिळ वंशाचा होता. त्याचे आजोबा रबराच्या मळ्यात कामाला आले होते, असं त्यानं मुलाला इंग्रजीत सांगितलं. रस्त्याच्या दुतर्फा मात्र झाडं होती ती तेलताडाची. पाठ्यपुस्तक मागे पडलं होतं.

आता मुख्य गोष्ट. सनवे लगूनमध्ये जाताना खाली उतरावं लागतं. आपल्याकडे देवळात जायला डोंगर चढतो, इथे खाली, एका मोठ्या खळग्यात. भोवती उंच कडे, तळाशी पाणी, वरून माणसांसाठी झुलता पूल. माझी नजर पाळण्यांकडे जाण्याआधी त्या कड्यांकडे गेली. नदीनं कापलेली दरी अशी नसते. मी मुलाला म्हटलं, हे माणसानं खोदलेलं दिसतंय. त्यानं मोबाइलवर शोधलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. हा खळगा म्हणजे कथिलाची जुनी खाण!

मंडळी, मी तिथल्या एका बाकावर बसलोच. ज्याच्यावर मी पस्तीस वर्षं एक गुणाचा प्रश्न काढला, तो माझ्या पायाखाली होता आणि त्याच्यात माझी नात पोहायचा पोशाख घालून उभी होती.

थोडं सांगतो, मास्तरला माफ करा. १८५७ साली, आपल्याकडे बंड पेटलं होतं त्याच वर्षी, ८७ चिनी खाणकामगार क्लांग नदीतून होड्यांनी वर गेले आणि संगमाजवळच्या जंगलात कथील शोधू लागले. त्यातले बरेचसे मलेरियानं गेले. त्या वस्तीचं पुढे क्वालालंपूर झालं. म्हणजे मला बघायचा होता तो संगम आणि हा खळगा ही एकाच गोष्टीची दोन टोकं. हे कथील खडकात खोल नसतं, नदीनं आणलेल्या गाळात असतं. पाण्याचा जोरदार मारा करून गाळ धुवायचा, हलकी माती वाहून जाते, जड कथील मागे राहतं. उरतात ते खड्डे. ऑक्टोबर १९८५ मध्ये लंडनच्या धातुबाजारात कथिलाचे व्यवहारच थांबले, भाव कोसळले आणि मलेशियातल्या कितीतरी खाणी बंद पडल्या. सनवे ही कंपनीसुद्धा १९७४ साली कथिलाच्या खाणीपासूनच सुरू झाली होती. खाण संपल्यावर त्यांच्या जेफ्री चिया यांनी त्या ओसाड खड्ड्यात पाणी आणि पाळणे आणले. ज्यानं खणलं त्यानंच ते सावरलं, हे मला आवडलं. आमच्या तालुक्यात सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून पाणी अडवलं, ते बघायला लोक लांबून येतात. खड्ड्याचं काय करायचं हे शेवटी माणसावर असतं. असो, मूळ मुद्दा निराळा आहे.

बाकावर मला माझी आजी आठवली. दर पावसाळ्यानंतर आमच्या गल्लीत कल्हईवाला यायचा. लिंबाखाली जमिनीत खड्डा करून कोळसे पेटवायचा, चामड्याचा भाता लावायचा. आम्ही पोरं भाता ओढायला मिळावा म्हणून भांडायचो. पितळी पातेलं लाल होईपर्यंत तापवून तो त्यात नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघायचा, नाकात झणका बसायचा. मग कथिलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं. काळंकुट्ट भांडं एका क्षणात चांदीसारखं! कल्हई उडाली की आंबट वरण कळकायचं, म्हणून आजी कल्हईच्या पैशांत कधी काटकसर करत नसे. त्या काळी आपल्याकडचं कथील बहुतेक करून मलायाकडूनच यायचं. पायाला तूप चोळायची काशाची वाटी असते ना, त्या काशातही तांब्याबरोबर कथीलच असतं. म्हणजे ज्याला मी 'मलायाचे उत्पादन' म्हणून फळ्यावर लिहीत होतो, ते माझ्या स्वयंपाकघरात रोज चुलीवर चढत होतं. पस्तीस वर्षांत एकदाही मी वर्गात कल्हईवाल्याचं नाव काढलं नाही. कसला भूगोल शिकवला मी?

पहिला तास मी पिशव्या राखत बसलो. वयस्कर मंडळींना बरोबर न्यायचं आणि सामानाशी बसवून ठेवायचं, ही आपल्याकडची रीत. आपणही 'मी बसतो इथेच' म्हणून मोठेपणा घेतो. तसं करू नका. पैसे भरून कुलपाचं कपाट मिळतं, ते घ्या. आम्ही ते उशिरा घेतलं. मग सौ. साडी वर खोचून लाटांच्या तळ्याच्या काठाशी उभ्या राहिल्या. पोटर्‍यांपर्यंत पाणी आलं आणि म्हणाल्या, "हाई तं आपली तापी शे." गुडघ्यांचं ऑपरेशन पुढ्यात आहे, पण त्या अर्धा तास हलल्या नाहीत. मी पाण्यातला पोशाख भाड्यानं घेतला का, हा प्रश्न पुतण्यानं विचारला नाही, म्हणून उत्तर देत नाही. :)

मधे नात दमून माझ्याजवळ येऊन बसली. मी तिला पणजीच्या पातेल्याची गोष्ट सांगितली. तिचं मराठी मोडकं आहे, 'कल्हई' कळायला वेळ लागला, मी हातानं भाता ओढून दाखवला. तिनं थोडा विचार केला. म्हणाली, "म्हणजे आजोबा, मी पणजीच्या भांड्यातून घसरले?" मी हो म्हटलं. ती परत धावत गेली. त्यानंतर प्रत्येक वेळी घसरताना वरून ओरडत होती, "पातेलं!" बापही तिच्या मागून घसरत होता. पंचेचाळिशीचा माणूस, पोट सुटलेलं, आणि तोंड असं उघडं की मला सारंगखेड्याला मान वर केलेलं ते पोरगं दिसलं. मी त्याला काही बोललो नाही. त्यानंही रात्रीचा विषय काढला नाही.

अडीचच्या सुमाराला आभाळ भरलं, वीज कडाडली आणि पाण्यातले सगळे खेळ थांबले. आम्ही निघालो, तर पावसात वाहनांची ही रांग. बोटीवर पाचपर्यंत हजर राहायचं होतं. माझं घड्याळ मी परदेशात भारताच्याच वेळेवर ठेवतो. मलेशिया अडीच तास पुढे. सौ.नी घड्याळात डोकावून "अजून दोनच वाजलेत" म्हटलं आणि क्षणभर मीही निश्चिंत झालो, तेव्हा तिथे साडेचार होऊन गेले होते! शिरपूर डेपोचा कंडक्टर ओळखीचा असला तर 'मास्तर येऊन र्‍हायले' म्हणून दोन मिनिटं थांबवतो. बोट थांबत नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना शिडीवर पाय ठेवला. ओल्या पिशव्या, सुनेच्या हातात एकच चप्पल. जाणारांनी हाताशी दोन तास मोकळे ठेवावेत आणि घड्याळ फिरवून घ्यावं.

रात्री जेवणाच्या टेबलाशी आपलेच एक कुटुंब भेटले. त्यांनी बसची सहल घेतली होती. जुळे मनोरे, राजवाडा, चौक, चॉकलेटचं दुकान आणि आणखी काहीतरी. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, बाकी वेळ खिडकी. गृहस्थ म्हणाले, "आमचा मलेशिया झाला." मला कालपर्यंत हेच हवं होतं. त्यांना नावं ठेवत नाही. पण आठ तासांत देश होत नाही, हे भूगोलाच्या मास्तरला तरी कळायला हवं होतं. आठ तासांत फार तर एक जागा होते. ती संगमाची असो की घसरगुंडीची, तिथे बूड टेकून बसायला हवं. संगमावर मी वीस मिनिटं उभा राहून फोटो काढला असता आणि पुढच्या लग्नात पुतण्याला ऐटीत दाखवला असता. तो हसला नसता, हे खरं. पण खाणीच्या तळाशी चार तास बसलो म्हणून मला कल्हईवाला आठवला.

थीम पार्क सगळीकडे सारखीच, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पाळणा तोच, आरडाओरडा तोच, वडापावाच्या जागी दुसरं काहीतरी. पण यात्राही सगळीकडे सारखीच असते आणि तरी आपण दरवर्षी जातोच की. पाळण्याखालची जमीन तेवढी वेगळी असते, ती विचारून घ्यावी लागते. आणि खर्च? आकडा मी अजून सौ.ना सांगितलेला नाही, इथेही सांगत नाही.

परत आल्यावर सौ.नी माळ्यावरून आजीचं पितळी पातेलं काढायला लावलं. आतली कल्हई पार उडाली आहे. नात सुट्टीत दत्तजयंतीच्या सुमाराला येणार आहे, तेव्हा त्यात आंबट वरण करायचा बेत आहे. शिरपुरात चार जणांना विचारलं, भांड्यांच्या दुकानातही विचारलं, कुणाला कल्हईवाला ठाऊक नाही. धुळे, शहादा, दोंडाईचा, कुठेही कुणी अजून भाता घेऊन बसत असेल तर कळवा. सारंगखेड्याच्या यात्रेत कुणी येतो का, तेही कळवा. तिथे आम्ही जाणारच आहोत, मुलानं पाळणे अजून लागतात का ते विचारून घेतलं आहे.