महिनाभर चौलला घर घेऊन राहायचं, पण पाहुणे म्हणून की भाडेकरू म्हणून?

नारळी-पोफळीच्या वाडीत एक छोटं घर, स्वतःचं स्वयंपाकघर, हाताशी वाय-फाय आणि परतायची घाई नाही. शनिवारी जाऊन रविवारी परतण्यापेक्षा महिनाभर एकाच गावात मुक्काम करावा, रोज बाजारहाट करून घरीच जेवण बनवावं, असा विचार करणारी जोडपी आता फक्त रील्समध्ये दिसत नाहीत. यात घरून काम करणारे विशी-तिशीतले आहेत, तसे निवृत्त झालेलेही आहेत. मुंबई-पुण्याहून अशा मुक्कामासाठी अलिबागजवळच्या चौलचा पर्याय सहज सुचतो.

पण या कल्पनेत एक मोठी गोची आहे. दोन रात्री राहतो तो पाहुणा आणि वर्षभर राहतो तो भाडेकरू, हे सगळ्यांना कळतं. दीड महिना राहून स्वतःच स्वयंपाक करणारं जोडपं मात्र या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं. त्याचं उत्तर आधी ठरलं नाही, तर डिपॉझिटपासून पोलीस पडताळणीपर्यंत सगळीकडे घोळ होतो.

आधी बघू, चौलच का?

अलिबागहून मुरुडच्या रस्त्याला लागलं की आक्षी, नागाव, मग चौल आणि पुढे रेवदंडा. हा सगळा पट्टा अष्टागराचा. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या, प्रत्येक वाडीत विहीर, आणि माडांच्या सावलीत मागे-पुढे पडवी असलेली घरं.

गाव लहान असलं तरी इतिहास मोठा आहे. चौल हे प्राचीन बंदर. शेजारच्या रेवदंड्याला पोर्तुगीजांचा किल्ला, खाडीपलीकडे कोर्लई. गावात रामेश्वराचं मंदिर आणि त्यासमोरची पुष्करणी, टेकडीवर दत्ताचं देऊळ आणि दत्तजयंतीला भरणारी जत्रा. दोन दिवसांत हे बघून संपतं. महिनाभर राहणाऱ्याला मात्र ते संध्याकाळच्या फेरफटक्यात पुरवून पुरवून बघता येतं.

लांबच्या मुक्कामाची गोष्टही इथे नवी नाही. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी समुद्रमार्गे चौललाच उतरला होता. इथून तो जुन्नरला गेला आणि अख्खा पावसाळा त्याने तिथे काढला. परदेशी व्यापारी इथे उतरतात तेव्हा त्यांच्यासाठी घरमालकीण जेवण रांधते, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे. म्हणजे आजच्या भाषेत होमस्टे!

आता पोहोचणंही सोपं झालंय. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली आणि गाडी बोटीत घालून नेता येऊ लागली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटी पावसाळ्यात बंद असतात, पण रस्ता असतोच.

आणखी एक कारण कायद्यात आहे. कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. त्यामुळे 'कोकणात आपली एक वाडी असावी' हे स्वप्न बहुतेकांसाठी भाड्याच्या घरापाशीच थांबतं.

होमस्टे आणि 'स्वतः रांधून राहणं' यात फरक काय?

कोकणातला नेहमीचा होमस्टे म्हणजे घरगुती खानावळीसकट मुक्काम. सकाळी पोहे किंवा घावन, दुपारी मासळीचं ताट, संध्याकाळी चहा. मालकाची कमाई खोलीइतकीच ताटावरही चालते.

स्वतः रांधणाऱ्या जोडप्याला ताट नको असतं, त्याला शेगडी हवी असते. इथे पहिला प्रश्न येतो गॅसचा. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर हा घरगुती वापरासाठीच असतो, धंद्यासाठी तो वापरता येत नाही. मालकाने स्वतःच्या नावावरचा सिलिंडर पाहुण्यांना दिला, तर हा वापर घरगुती की व्यावसायिक, असा वाद होऊ शकतो. सरळ मार्ग म्हणजे ५ किलोचा छोटा सिलिंडर. तो ओळखपत्र दाखवून विकत मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. सोबत एक इंडक्शन शेगडी असलेली बरी. मात्र वादळी वाऱ्यात वीज गेली की तिचा उपयोग नाही.

दुसरा प्रश्न बाजाराचा. शहरात ॲपवर सगळं बारा महिने मिळतं, इथे ताट ऋतूप्रमाणे बदलतं. थंडीत वालाच्या शेंगा येतात आणि शेताशेतांत पोपटी लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला दिसू लागतात. या कांद्याला भौगोलिक मानांकन आहे. पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारची यांत्रिक बोटींवरची मासेमारी बंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत असते. त्या काळात पापलेट-सुरमईचा हट्ट सोडून सुकट, सोडे आणि सुक्या बोंबलांवर भागवावं लागतं.

गावाला याचा फायदा होतो का?

मुद्दा इथेच महत्त्वाचा होतो. शनिवार-रविवारी मोठा ग्रुप बंगला घेतो तेव्हा बरंच सामान शहरातूनच भरून आणलेलं असतं. दोन दिवसांत पैसे जातात ते मुख्यतः बंगल्याच्या भाड्यात. महिनाभर राहणारं जोडपं मात्र रोज काहीतरी विकत घेतं. कोळणीकडून वाटाभर मांदेली, वाडीतले शहाळे, किराणा, दूध, पिठाची गिरणी, सायकल दुरुस्ती, रिक्षा. रक्कम छोटी असते, पण ती अनेक हातांत जाते आणि आठवड्याचे सातही दिवस जाते.

वाडीवाल्यांना अशा उत्पन्नाची गरज का पडली, हे समजण्यासाठी ३ जून २०२० आठवावा लागेल. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर धडकलं. ताशी ११० किलोमीटरच्या पुढे गेलेल्या वाऱ्याने रायगडच्या किनाऱ्यावरच्या नारळ-सुपारीच्या बागा आडव्या केल्या. भाताचं पीक गेलं तर पुढच्या वर्षी पुन्हा लावता येतं. पोफळ नव्याने लावली तर सुपारी हातात यायला सहा-सात वर्षं लागतात. मधल्या काळात घर चालवायचं कशावर? मागच्या अंगणातली रिकामी खोली हे त्यावरचं एक उत्तर ठरतं.

पण याची दुसरी बाजूही आहे. समुद्राजवळच्या विहिरीतून उपसा वाढला की गोड्या पाण्यात खारं पाणी शिरायचा धोका असतो. मार्च ते मे हे महिने त्यासाठी सगळ्यात नाजूक. महिनाभराचा पाहुणा म्हणजे महिनाभराचं पाणी, कचरा आणि सांडपाणी. शहरासारखी रोजची घंटागाडी आणि भुयारी गटार प्रत्येक वाडीपर्यंत असेलच असं नाही.

शिवाय रिकामं घर पर्यटकाला दिलं तर जास्त पैसे मिळतात, हे कळलं की बदलून आलेले शिक्षक, परिचारिका किंवा एसटी कर्मचारी यांना वर्षभरासाठी घर कोण देणार? हा प्रश्न जगातल्या प्रत्येक सुंदर गावाला कधी ना कधी पडलाय.

फ्रान्सने काय केलं?

अशा मुक्कामाची सगळ्यात जुनी संघटित व्यवस्था फ्रान्सच्या खेड्यांत आहे. तिथे त्याला 'जीत' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथली खेडी ओस पडत होती, शेतावरची जुनी घरं कोसळत होती. घर दुरुस्त करा आणि शहरी कुटुंबांना सुट्टीसाठी भाड्याने द्या, या कल्पनेतून १९५० च्या दशकात ही चळवळ उभी राहिली. १९५५ मध्ये 'जीत द फ्रान्स' हा महासंघ स्थापन झाला. घरात स्वयंपाकघर असतं, भाडं साधारण आठवड्यावर ठरतं आणि पाहुणे गावच्या बाजारातून भाजी आणून स्वतः रांधतात.

महत्त्वाचं म्हणजे तिथे या मधल्या अवस्थेला कायद्यात जागा आहे. सुट्टीसाठीचं घर एकाच व्यक्तीला सलग ९० दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. शिक्षण किंवा तात्पुरत्या नोकरीसाठी एक ते दहा महिने राहणाऱ्यांसाठी २०१८ पासून वेगळा करार आहे आणि त्यात डिपॉझिट घेता येत नाही.

पुढे ॲप आले आणि उलटाच त्रास सुरू झाला. पर्यटकांना घरं देण्याच्या नादात स्थानिकांनाच घर मिळेना. म्हणून नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सने नवा कायदा केला. मालकाला स्वतःचं राहतं घर पर्यटकांना वर्षात १२० दिवस देता येत होतं. ती मर्यादा ९० दिवसांवर आणायचा अधिकार आता स्थानिक पालिकांना मिळाला.

ओस पडलेली खेडी वाचवायला जी व्यवस्था आली, तिलाच सत्तर वर्षांनी लगाम घालायची वेळ आली. चौलसाठी धडा हाच आहे. नियम गर्दी होण्याआधी ठरवलेले स्वस्त पडतात.

आपल्याकडे कागदावर काय लागतं?

आपल्याकडे दोनच चौकटी आहेत.

पहिली, पर्यटक निवासाची. केंद्राच्या 'इन्क्रेडिबल इंडिया' न्याहारी-निवास योजनेत १ ते ६ खोल्यांची घरं नोंदवता येतात, पण मालकाचं कुटुंब तिथेच राहत असावं लागतं. राज्याच्या पर्यटन विभागाचीही अशी योजना आहे. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी ५ टक्के आहे. छोट्या मालकाला जीएसटी नोंदणी लागत नसली, तरी बुकिंग ॲपवरून झालं तर कर ॲपला भरावा लागतो. त्यामुळे बिलात तो दिसतो.

दुसरी, भाड्याच्या घराची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार 'लिव्ह अँड लायसन्स' करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि ती टाळली तर शिक्षेचीही तरतूद आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. सध्या ही नोंदणी आधारच्या मदतीने ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क ढोबळमानाने एकूण भाड्याच्या ०.२५ टक्के. राहण्यासाठी सामान्य व्यक्तीला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नसतो.

मग महिनाभरासाठी कोणती चौकट निवडायची? मालक तिथेच राहतो, चादरी-साफसफाई तोच बघतो आणि पैसे दिवसाच्या हिशेबाने ठरलेत, तर तो पर्यटक निवास. अख्खं घर ताब्यात आहे, भाडं महिन्याचं आहे आणि वीजबिल पाहुण्याने भरायचंय, तर करार केलेला दोघांच्याही हिताचा. भाडेकरूची माहिती स्थानिक पोलीस ठाण्याला द्यावी. जोडप्यातल्या एकाकडे परदेशी पासपोर्ट असेल, तर मालकाला २४ तासांत त्यासाठीचा ठरलेला फॉर्म भरावा लागतो. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हे खास लक्षात ठेवावं.

लग्नाचा दाखला मागितला तर?

दोन सज्ञान व्यक्तींनी लग्नाशिवाय एकत्र राहणं हा भारतात गुन्हा नाही. डिसेंबर २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कोइम्बतूरच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं होतं की, अविवाहित जोडपं खोलीत राहतंय एवढ्यावरून ती जागा सील करता येत नाही. दोघांची वैध ओळखपत्रं मात्र लागतात.

तरीही खासगी मालक घर द्यायला नाही म्हणू शकतो आणि ते अनेकदा घडतं. मालक त्याच अंगणात राहत असतो, त्याला शेजाऱ्यांना तोंड द्यायचं असतं. म्हणून गोष्ट लपवून बॅगा घेऊन दारात उभं राहण्यापेक्षा फोनवरच विचारलेलं बरं. नकार आला तर तो ॲडव्हान्स देण्याआधी येतो.

जायचंच ठरलं तर काय विचाराल?

* विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का? पिण्याचं पाणी कुठून येतं?
* वीज वेगळ्या मीटरवर आहे की भाड्यात धरली आहे? एसीचं बिल कोण भरणार?
* ओला आणि सुका कचरा कोण, कधी नेतं?
* घरात नेमकी भांडी किती, मिक्सर आणि फ्रिज आहे का?
* मासे-मटण घरात शिजवलेलं चालतं का? काही घरांत चालत नाही.
* घरून काम करायचं असेल तर तुमच्या नेटवर्कची रेंज पडवीत येते की फक्त रस्त्यावर?
* मधेच निघावं लागलं तर किती पैसे परत मिळतील? हे व्हॉट्सॲपवर का होईना, लिहून घ्या.

पहिलाच अनुभव असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोपा. पावसाळा सुंदर असतो, पण तेव्हा बोटी कमी, मासळी कमी आणि वीज बेभरवशाची. आजारपणात मोठं रुग्णालय लागलं तर अलिबाग गाठावं लागतं, हेही ज्येष्ठांनी गृहीत धरावं.

पुढे काय?

रेवस-रेडी सागरी महामार्गासाठी करंजा-रेवस खाडीपुलाचं काम हाती घेतलेलं आहे. तो झाला की मुंबई आणखी जवळ येईल आणि चौलची रिकामी घरं आणखी महाग होतील. तेव्हा वाडीवाल्यापुढे दोन वाटा असतील. एक म्हणजे जमीन विकून मोकळं होणं. दुसरी म्हणजे वाडी राखून मागची खोली महिन्यावर देणं. दुसरी वाट टिकली तर माडही राहतील आणि मालकही. पण ती टिकायला ग्रामपंचायतीकडे किमान एवढी नोंद हवी की गावात अशी घरं किती आणि त्यांचं पाणी-कचरा कुठे जातं. आणि तिथे महिनाभर राहणाऱ्यानेही एवढं लक्षात ठेवावं की ज्या विहिरीचं पाणी तो वापरतोय, तीच विहीर वाडीही शिंपते.