बेटांचा करार झाला, माणसांचे काय?

२२ मे २०२५ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान कीर स्टार्मर आणि मॉरिशसचे पंतप्रधान नवीन रामगुलाम ह्यांनी एका करारावर सह्या केल्या. हिंदी महासागरातील चागोस द्वीपसमूहाचे सार्वभौमत्व ब्रिटनने मॉरिशसकडे सोपवावे आणि त्यातील सर्वांत मोठे बेट जे दिएगो गार्सिया, ते मात्र लष्करी तळासाठी ९९ वर्षांच्या मुदतीने ब्रिटनच्या ताब्यात राहावे, हा ह्या कराराचा मथितार्थ. लंडनमध्ये विरोधी पक्षांनी ‘शरणागती, शरणागती’ म्हणून टाहो फोडला. नव्या दिल्लीने स्वागताचे पत्रक काढले. ह्या गलबल्यात एक साधा प्रश्न मात्र कोणाच्या कानी गेला नाही. ज्या माणसांची ती बेटे, त्यांना कोणी विचारले काय?

त्याच दिवशी पहाटे, दिएगो गार्सियावर जन्मलेल्या दोन स्त्रियांच्या वतीने लंडनच्या उच्च न्यायालयाकडून करारास तात्पुरती मनाई मिळवण्यात आली होती. दुपार होते न होते तोच मनाई उठली आणि सह्या झाल्या. साठ वर्षांच्या ह्या कहाणीत द्वीपवासीयांच्या वाट्याला आलेले यश बहुधा असेच घटकाभराचे ठरत आले आहे.

कहाणीचा आरंभ १९६५ सालचा. मॉरिशस तेव्हा ब्रिटिशांची वसाहत होती आणि तिच्या स्वातंत्र्याची बोलणी लंडनमध्ये चालली होती. अमेरिकेला हिंदी महासागरात तळ हवा होता आणि तो निर्मनुष्य बेटावर हवा होता. पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन ह्यांनी मॉरिशसचे पुढारी शिवसागर रामगुलाम ह्यांना भेटीस बोलावले. पाहुण्याला आशा दाखवून भेडसवावे, असा सल्ला विल्सन ह्यांच्या हाती दिलेल्या सरकारी टिपणात होता. स्वातंत्र्य मिळेल ही आशा. बेटांसाठी अडून बसलात तर ते कदाचित हुकेल, हे भय! अखेर तीस लक्ष पौंडांच्या मोबदल्यात बेटे तोडून घेतली गेली आणि ८ नोव्हेंबर १९६५ रोजी ‘ब्रिटिश हिंदी महासागर प्रदेश’ नावाची नवी वसाहत निर्माण झाली. साम्राज्याचा पसारा आवरण्याच्या दिवसांत नवी वसाहत! आज करारावर सही करणारे नवीन रामगुलाम हे त्याच शिवसागरांचे चिरंजीव. बापाकडून धाकाने लिहून घेतलेली बेटे मुलाच्या हाती देण्याचे साठ वर्षांनी ठरले, तेही असे भाडेचिठ्ठीसह.

१९६६ साली ब्रिटनने ही बेटे तळासाठी अमेरिकेला खुली करून दिली. उघड कागदावर भाड्याचा उल्लेख नव्हता. परंतु ब्रिटन आपल्या पाणबुड्यांसाठी अमेरिकेकडून पोलारिस क्षेपणास्त्रे विकत घेत होते, त्या व्यवहारात १ कोटी ४० लक्ष डॉलरांची सूट गुपचूप देण्यात आली आणि ही गोष्ट ब्रिटिश पार्लमेंटलाही कळू दिली गेली नाही. स्वतंत्र अण्वस्त्रबळाचा तोरा मिरवणाऱ्या राष्ट्राने त्या अस्त्रांच्या बिलातील सवलतीसाठी एक समाज त्याच्या घरातून उठवला, असाच ह्याचा अर्थ होतो.

कारण बेटे निर्मनुष्य नव्हती. नारळाच्या बागांत राबण्यासाठी आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे आणि मागाहून आलेल्या हिंदी मजुरांचे वंशज तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांची क्रिओल भाषा होती, देवळे होती, दफनभूमी होती. हे कायमचे रहिवासी नसून कंत्राटी मजूर आहेत, असा देखावा लंडनच्या कचेऱ्यांनी उभा केला. समुद्रपक्ष्यांखेरीज तेथे मूळचे कोणी उरणार नाही आणि पक्ष्यांची काही अजून समिती झालेली नाही, असा विनोद परराष्ट्र खात्याच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने १९६६ साली फायलीवर केला. पक्ष्यांबरोबर काही टारझन आणि काही फ्रायडेही आहेत, अशी दुसऱ्याने त्यास पुस्ती जोडली. मग १९७३ पर्यंत दीड ते दोन हजार माणसे जहाजांत कोंबून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर नेऊन सोडली. त्यांची पाळीव कुत्री खोबरे वाळवण्याच्या कोठीत कोंडून मोटारींच्या धुराने मारण्यात आली. सुसंस्कृतपणाचा धडा जगाला देणाऱ्या दरबाराची ही करणी!

ह्याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवावे. १९८२ साली अर्जेंटिनाने फॉकलंड बेटे बळकावली, तेव्हा तेथील सुमारे अठराशे रहिवाशांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्कासाठी ब्रिटनने आठ हजार मैलांवर आरमार धाडले आणि अडीचशेहून अधिक ब्रिटिश सैनिकांचे प्राण वेचले. २०१३ साली त्याच बेटांवर सार्वमत घेऊन, जवळजवळ एकमुखी पडलेला कौल अभिमानाने जगापुढे ठेवला. संख्या जवळजवळ तीच, समुद्र वेगळा. एकीकडे सार्वमत आणि दुसरीकडे हद्दपारी! हा भेद कातडीच्या रंगाचा नव्हे, असे ज्यास म्हणावयाचे असेल त्याने दुसरे कारण दाखवून द्यावे.

न्यायालयांच्या पायऱ्या ह्या माणसांनी कमी झिजवल्या नाहीत. २००० साली लंडनच्या उच्च न्यायालयाने त्यांची हद्दपारी बेकायदा ठरवली. २००४ साली सरकारने पार्लमेंटला वळसा घालून राजाज्ञेने परतीची वाट पुन्हा बंद केली. २००८ साली लॉर्ड्सच्या न्यायासनाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती राजाज्ञा उचलून धरली. २०१० साली सभोवारचा समुद्र जलचरांसाठी राखीव म्हणून घोषित झाला. जेथे माशांना अभय मिळाले, तेथे माणसांना मज्जाव राहिला! फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ब्रिटनचा तेथील कारभार बेकायदा असल्याचे मत दिले. मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११६ विरुद्ध ६ मतांनी ब्रिटनला बाहेर पडण्यास सांगितले. आजच्या करारामागे औदार्य नाही, हा दबाव आहे. आणि आज ‘शरणागती’ म्हणून ओरडणाऱ्या हुजूर पक्षाच्याच सरकारने ही बोलणी २०२२ साली सुरू केली होती, हेही विसरून चालणार नाही.

ब्रिटनमधील वाद चालला आहे तो पैशाचा आणि प्रतिष्ठेचा. वर्षाकाठी सरासरी १० कोटी १० लक्ष पौंड मॉरिशसला द्यावे लागणार, म्हणून हळहळ व्यक्त होते. ब्रिटनच्या वार्षिक संरक्षण खर्चाच्या मानाने ही रक्कम शेकडा एकाच्याही आत आहे. प्रतिष्ठेची गोष्ट तर आणखीच नाजूक. तळ नावाला ब्रिटनचा, सत्ता अमेरिकेची. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ह्याच कराराचे स्वागत केले. जानेवारी २०२६ मध्ये अध्यक्ष ट्रम्प ह्यांनी त्यालाच घोर मूर्खपणा म्हटले आणि लंडनमध्ये एकच धावपळ उडाली. ज्या जमिनीविषयीचा शब्द तिसऱ्याच्या मर्जीवर फिरतो, तिच्यावरील सार्वभौमत्वाचा डौल कशाला मिरवावा?

तळाचे लष्करी महत्त्व आम्ही नाकारीत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात, २००१ मध्ये अफगाणिस्तानवर आणि २००३ मध्ये इराकवर तेथून बाँबफेकी विमाने उडाली. परंतु सुरक्षेसाठी बेट ओस हवे, हा युक्तिवाद टिकत नाही. त्याच तळावर फिलिपीन्सचे कामगार राहतात आणि राबतात. परक्या मजुराने जी सुरक्षा धोक्यात येत नाही, ती आजोबांच्या थडग्यावर फूल वाहू इच्छिणाऱ्या भूमिपुत्राने कशी येते? नव्या करारानेही पुनर्वसनाची मुभा दिएगो गार्सिया वगळूनच दिली आहे. दोनशे किलोमीटरहून दूरची, अर्धशतक ओसाड पडलेली बेटे दाखवून ‘तेथे जा’ म्हणणे ही दुधाची तहान ताकावर भागवणे झाले. चार कोटी पौंडांचा विश्वस्तनिधी द्वीपवासीयांसाठी आहे खरा, परंतु त्याची किल्ली मॉरिशस सरकारकडे.

द्वीपवासीयांतही एकमत नाही. ऑलिव्हिए बँकूल्ट ह्यांच्यासारखे जुने लढवय्ये करार स्वीकारा म्हणतात. इंग्लंडमधील क्रॉली येथे स्थायिक झालेले पुष्कळजण त्याला विरोध करतात. पण मतभेद आहे म्हणून मत विचारूच नये काय? मतभेद असतो म्हणूनच तर मतदान घेतात!

भारत हा ह्या प्रश्नात तिऱ्हाईत नव्हे. दिएगो गार्सिया आपल्या दक्षिण टोकापासून सुमारे अठराशे किलोमीटरवर आहे. १९७१ साली हिंदी महासागर शांतिक्षेत्र व्हावा, ह्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावामागे भारत उभा होता. मॉरिशसच्या लोकांत बिहारातून आणि आपल्या कोकणातून गेलेल्यांचे रक्त आहे. वसाहतवादाविरुद्ध मॉरिशसची बाजू भारताने घेतली, हे योग्यच केले. पण मॉरिशसची बाजू म्हणजेच चागोसवासीयांची बाजू, असे समजून स्वस्थ बसणे योग्य नाही. दिल्लीने मित्र म्हणून पोर्ट लुईला आणि राष्ट्रकुलातील सहकारी म्हणून लंडनला एवढे स्पष्ट सांगावे: ह्या माणसांचा कौल घ्या, आणि ज्यांना परतायचे आहे त्यांस दिएगो गार्सियावरही पाय ठेवू द्या.

बेटाचा मालक ठरला, भाडेकरू ठरला, भाडेही ठरले. घरातून हुसकावलेले कुटुंब मात्र अजून रस्त्यावर आहे. त्यातील ज्यांनी ते घर डोळ्यांनी पाहिले, ती पिढी आता वृद्ध होत चालली आहे. नव्याण्णव वर्षे थांबण्याइतका वेळ तिच्यापाशी नाही.