चहा घ्या, पण जेवणावर नको

दुपारच्या सुट्टीत खुरपणीच्या बाया बांधावर बसतात. फडक्यातली बाजरीची भाकरी, मेथीची भाजी, ठेचा, एखादा कांदा. शेवटचा घास संपतो न संपतो तोच किटली येते आणि सगळ्यांच्या हातात चहा. शहरातल्या ऑफिसातही वेगळं काही नाही, डबा बंद झाला की पावलं टपरीकडे वळतात.

जेवणात खोट नाही. बाजरीच्या शंभर ग्रॅम पिठात सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पण भाकरी आणि भाज्यांमधलं लोह मुळातच कमी अंगी लागतं, दहा भागांतला जेमतेम एखादा भाग. त्यावर चहा पडला की चहातलं टॅनिन त्या लोहाला धरून बसतं आणि जे मिळायचं तेही बरंचसं वाया जातं. कॉफीचंही तेच.

आता हिशेब बघा. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला १९. दर महिन्याच्या पाळीत रक्त जातं म्हणून हा फरक. आणि घरोघरी सगळ्यात शेवटी, उरलंसुरलं जेवते ती बाईच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांना रक्तक्षय आढळला. धाप लागणं, चक्कर, पायात गोळे, कामाचा कंटाळा, हे सगळं आपण ‘बायकांचं असतंच’ म्हणून सोडून देतो. ते सोडून देण्यासारखं नाही.

तेव्हा पहिली विनंती ही, की चहा आणि जेवण यांत तासाभराचं अंतर ठेवा. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, कुणी ऐकणारही नाही. दुसरं, ताटात लिंबाची फोड असू द्या. भाजीवर पिळा, वरणावर पिळा. आवळा, पेरू, कच्ची कोबी चालेल. यांतलं क जीवनसत्त्व भाकरी-भाजीतलं लोह अंगी लावतं. मटकीला मोड आणा. चिंच-गुळाची आमटी अधूनमधून लोखंडी कढईत करा; आंबटामुळे कढईचं थोडं लोह आमटीत उतरतं. फक्त आमटी कढईत तशीच ठेवू नका, काळी आणि कडवट होते. मांसाहार चालत असेल तर कलेजी आणि मटण उत्तम, त्यातलं लोह सहज पचतं.

बीट लाल म्हणून रक्त वाढवतं, ही समजूत मात्र सोडा. शंभर ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. आणि गुळाच्या चहाच्या पाट्या हल्ली जागोजागी दिसतात. कपभर चहात गूळ तो किती, त्यात लोह ते किती, आणि तेही चहातच! आवडतो म्हणून प्या, औषध म्हणून नको.

एकदा रक्त बरंच कमी झालं, की नुसत्या आहाराने भागत नाही, लोहाच्या गोळ्या लागतात. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून आशाताई लाल गोळ्या देतात. रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा तितकेच दिवस. पुष्कळ जणी आठ-दहा दिवसांत त्या बंद करतात, कारण शौचाला काळं होतं, मळमळतं. काळं होणं अपेक्षितच आहे, घाबरू नका. मळमळत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. गोळी चहाबरोबर नको, दुधाबरोबर नको, आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर नकोच. दोन्हींत दोन तास तरी जाऊ द्या. हिमोग्लोबिन वाढलं म्हणून आपल्या मनाने थांबू नका, शरीरातला साठा भरायला आणखी काही महिने लागतात. गोळ्या लहान मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. मुलाने मूठभर गिळल्या तर जिवावर बेतू शकतं.

गोळ्या नीट घेऊनही फरक पडत नसेल, तर दुकानातून टॉनिक आणत बसू नका. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे, थॅलेसेमियाही असतो. तिथे कारणच निराळं. डॉक्टरांना तपासणीचं विचारा.

घरातल्या बाईचं हिमोग्लोबिन किती, हे तिला आणि घरच्यांनाही ठाऊक हवं. गरोदर नसेल तर १२ च्या खाली आणि गरोदर असेल तर ११ च्या खाली आकडा म्हणजे रक्तक्षय. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी होते. या आठवड्यात जाऊन करून घ्या.